झोपून पाहिलेलं घर

२ फेब्रुवारी

लागला! बायकोचा नंबर लागला!

फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात. खांद्याने फोन कानाशी दाबून धरला, तर ती नुसतीच रडतेय. मला वाटलं, संपलं. मग म्हणाली, "अरे, मिळालं." भूलशास्त्र. तीन वर्षांचं शिक्षण, दुसरं शहर, मोठा दवाखाना. नोकरी सांभाळून अभ्यास केला बाईने. पुस्तक छातीवर ठेवून झोपायची.

बेकरीच्या मालकांना सांगितलं. "म्हणजे माझा भट्टीवरचा माणूस गेला!" म्हणून त्यांनी तोंड पाडलं. मग गरम पावांचा अख्खा ट्रे माझ्या हातात दिला—"जा, वाट बिल्डिंगमध्ये."

सासूबाईंना फोन केला. त्यांचं म्हणणं, "लोकांना झोपवायला शिकायला तीन वर्षं कशाला लागतात, जावईबापू? तुमचे सासरे नुसते बोलायला लागले की व्हायचं ते काम."

५ फेब्रुवारी

आनंद ओसरला. आता प्रश्न—राहायचं कुठे?

बाकीच्यांना घर लागतं ते राहायला. आम्हाला लागतं झोपायला, तेही दिवसाढवळ्या. मी भट्टीवर. जग झोपतं तेव्हा मी पीठ मळतो, जग उठतं तेव्हा मी आडवा होतो. तिथेही हेच काम शोधणार, दुसरं येतंय काय मला? बायकोच्या ड्युट्या आता तशाच—कधी दिवस, कधी रात्र, कधी दोन्ही जोडून. रात्री पोरीजवळ कुणीतरी हवं म्हणून सासूबाई आमच्याबरोबर यायला तयार झाल्यात. म्हणजे माणसं चार. त्यातली दोन भर दुपारी घोरणारी. आणि एक भोंगा.

भोंगा म्हणजे आमची कन्या, वय सहा. दूध संपवलं की "संपलं!" अशी आरोळी ठोकते की तळमजल्यावरच्या दुकानदाराला ऐकू जाते. तो खालून "शाब्बास!" म्हणून ओरडतो. नाव त्यानेच ठेवलंय.

बायको एकाच गोष्टीवर अडून बसलीय. झोप! एकदा तिच्याबरोबरच्या एका डॉक्टरने जागरणाने डोळे जड झालेले असताना भलतंच औषध सुईत ओढून घेतलं होतं. हिच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. "अर्धवट झोपेत मी सुई हातात धरणार नाही. घर कसलंही चालेल, पण तिथे मला झोप लागली पाहिजे." बरोबर आहे तिचं. माझा पाव बिघडला तर फेकून देता येतो.

११ फेब्रुवारी

नोकरी सुटेपर्यंत तिला रजा नाही. घर शोधायचं माझ्या गळ्यात. पद्धत मात्र तिने घालून दिलीय—"नुसतं बघून कळत नाही. झोपून बघ." म्हणजे मी एका खोलीत सरळ जमिनीवर आडवं व्हायचं आणि डोळे मिटायचे. कन्येने दुसऱ्या खोलीत जाऊन, दार लावून, बेंबीच्या देठापासून ओरडायचं. मला ऐकू आलं तर घर नापास!

कन्या भलतीच खूश. आजवर जो तो तिला गप्प बस म्हणत आला. आता ओरडायचं कामच मिळालं!

१८ फेब्रुवारी

पहिली फेरी झाली. दलाल गोड बोलणारा. दार उघडलं की आधी पडदे सारतो—"ऊन बघा, साहेब! दिवसभर लख्ख!" मी विचारलं, "हे बंद करता येतं का?"

पहिलं घर दवाखान्याच्या फाटकासमोर. तिसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बायकोने रस्ता ओलांडला की घरात! "डॉक्टरलोक या घरावर उड्या मारतात," दलाल म्हणाला. मी आडवा झालो. डोळे मिटतोय तोच रुग्णवाहिका. ती गेली तर खाली औषधाच्या दुकानाचं शटर. मग कुणाचे तरी नातेवाईक ओरडायला लागले, "अरे, फाइल कुणाकडे आहे? फाइल!" कन्येची पाळीच आली नाही. बिचारी आतून विचारतेय, "बाबा, ओरडू का?" मी म्हटलं, राहू दे.

दुसऱ्या घराखाली सुताराचा कारखाना. दारातूनच परत फिरलो.

निरोप घेताना दलाल मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, तब्येत बरी आहे ना? मघाशी जमिनीवर पडलात म्हणून विचारलं."

२५ फेब्रुवारी

सापडलं!

शहराच्या पार टोकाला, बस जिथून माघारी वळते त्याच्याही पुढे एक गल्ली. गल्लीच्या शेवटी बैठं घर. पूर्वी गोदाम होतं म्हणे, म्हणून भिंती हातभर जाड. आतल्या खोलीला एकच झरोका, तोही मागच्या भिंतीकडे तोंड करून. ती खोली दाखवायला दलाल लाजत होता. "ही अडगळीला वापरा." मी दार लावलं, आडवा झालो आणि झोपलो. खरंच झोपलो! उठून बाहेर आलो तर दलाल पायरीवर पेपर वाचत बसलेला, आणि समोर कन्या, लालबुंद.

"बाबा, मी केव्हाची ओरडतेय! ऐकू आलं?"

"अजिबात नाही."

"मग मी पास?"

"पहिल्या नंबराने!"

तिने टाळ्या पिटल्या. आवाज बसला होता पोरीचा.

बायकोला फोन केला. दवाखाना लांब पडेल, बसने तासभर तरी, तेही सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "तुला झोप लागली ना? मग घे."

२६ फेब्रुवारी

सासूबाई: "गोदामात राहायचं? पोती आहोत का आपण?"

९ जून

आलो राहायला. सामान उतरवून पाठ धरलीय. खोक्यांवर बायकोने 'स्वयंपाकघर' लिहिलं होतं त्यांत तिची पुस्तकं निघाली, आणि 'पुस्तकं' लिहिलेल्यांत तवा. म्हणजे घाईत नव्हे, झोपेत भरलेली!

मला बसथांब्याजवळच्या बेकरीत काम मिळालं. भट्टी जुनी आहे, एका बाजूने जास्त तापते. जमेल. कन्येची शाळा गल्लीच्या तोंडाशीच. बायको उद्यापासून रुजू. कपडे दोनदा इस्त्री केले तिने. घाबरलीय, पण कबूल करत नाही.

२४ जून

घर अगदी हवं तसं आहे. दुपारी आतल्या खोलीत काळोख होतो, बाहेर जग बुडालं तरी कळायचं नाही. काल मी असा झोपलो की उठल्यावर वार आठवेना.

बायको दोन दिवसांनी घरी आली. चपला काढतानाच डोळे मिटत होते. कन्या चित्र दाखवायला धावली. "उठल्यावर बघते हं, बाळा." उठली तेव्हा कन्या शाळेत गेली होती. शाळा सुटली तेव्हा बायकोची बस निघून गेली होती.

१३ जुलै

बसथांब्यावर बायको भेटली. ती उतरत होती, मी बेकरीतून परतत होतो. गल्लीभर बरोबर चाललो. एवढं बोलणं आमचं या महिन्यात झालेलं नाही! काल तिने पहिल्यांदा एकटीने पूर्ण भूल दिली. एका म्हाताऱ्या गृहस्थांना. उठल्यावर ते तिला म्हणाले, "पोरी, अशी झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती." सांगताना चेहरा असा फुललेला! मग घरी आलो आणि दोघंही झोपलो.

४ ऑगस्ट

सासूबाई कन्येवर बेहद्द खूश. "किती शहाणी झाली हो! नवी जागा मानवली तिला." खरंच. खुर्ची सरकवत नाही, उचलून ठेवते. चवड्यांवर चालते. आजी-नातीचं सगळं कुजबुजत चालतं. "श्श, बाबा झोपलेत." "श्श, आई आत्ताच आलीय." दिवसभरात कुणी ना कुणी झोपलेलं असतंच की! मी बेकरीत फुशारकी मारली—मुलीला वळण लावावं तर असं.

१९ ऑगस्ट

दूध संपल्याचं आज तिने पेला उलटा धरून दाखवलं. तोंडाने नाही.

२ सप्टेंबर

शाळेतून बोलावणं आलं. वर्गाच्या बाई चांगल्या आहेत, चढ्या आवाजात बोलत नाहीत. म्हणाल्या, "घरी बोलते का हो ती? इथे सगळं माझ्या कानात येऊन सांगते. वाचायला उभी केली की ओठ हलतात, आवाज येत नाही. एकदा गळा दाखवून घ्या."

मला हसूच आलं. म्हटलं, "अहो बाई, हिला आम्ही भोंगा म्हणतो!" बाईंना ते काही खरं वाटलं नाही.

५ सप्टेंबर

बायकोने तिच्याच दवाखान्यात घशाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मी कन्येला घेऊन गेलो. व्हरांड्यात उभे होतो तोच बायको समोरून आली—हिरवे कपडे, डोक्याला टोपी, झपाझप पावलं. मागे वळून कुणाला तरी ओरडून सांगतेय, "सुरू करू नका, मी आलेच!" कुणीतरी काही बोललं, ती खळखळून हसली. कन्या आ वासून बघत होती, मीही. घरी जी येते ती बाई निराळी.

घशाच्या डॉक्टरांनी कन्येला आ करायला लावलं, दिवा टाकून बघितलं. "गळा ठणठणीत आहे. बोलत का नाही ते मला विचारू नका, घरी विचारा."

मग बायको मोकळी झाल्यावर तिघं कँटीनमध्ये बसलो. आणि कन्या सुटली! ही टोपी कशाला, भूल कडू असते का, झोपलेला माणूस पडला तर, त्याला स्वप्नं पडतात का—आपल्या जुन्या, खणखणीत आवाजात. शेजारच्या टेबलांवरची माणसं वळून बघत होती. बायकोचा चहा तसाच गार झाला.

परत येताना बसमध्येही बडबड चालू. गल्लीत शिरल्यावर आवाज खाली खाली येत गेला. दाराशी तिने बूट काढून हातात घेतले. तेव्हा घरात कुणी झोपलेलंसुद्धा नव्हतं. तिला आत पाठवलं आणि गल्लीतच थांबलो जरा.

९ सप्टेंबर

आज दोघं एकाच वेळी घरी, एकाच वेळी जागे. म्हणून भांडलो.

मी म्हटलं, "आपण दोघांनी मिळून मुद्दाम असं घर शोधलं, जिथे पोटच्या पोरीचा आवाज ऐकू येत नाही." ती उसळलीच. "मग काय करू? झोपू नको? उद्या टेबलावर कुणाचा तरी बाप असेल, त्याने काय करायचं?" बरोबर आहे. ती रडली, मी चिडलो, मग मी तिच्याजवळ जाऊन बसलो. म्हणाली, "तिला माझी झोपलेली पाठ तेवढी माहीत आहे रे."

दलालाला फोन लावला. फाटकासमोरचं घर अजून आहे का? "आहे की, साहेब! तिथे कुणी टिकतंय कुठे?" आणि म्हणे उड्या मारतात! बायको म्हणते, तिथे झोप नाही लागली तर? मी म्हणतो, रस्ता ओलांडून जेवायला तरी येशील. ठरलं काहीच नाही.

शेवटी सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही दोघं शिकलेली, तुमचं चालू द्या. पण त्या पोरीला विचारलंय का कुणी?"

नाही विचारलं. तिला आम्ही फक्त ओरडायला सांगितलं होतं.

१० सप्टेंबर

बायको आत झोपली होती. कन्येला मांडीवर घेतलं आणि विचारलं, "तुला कुठे राहायला आवडेल?" तिने माझी मान खाली ओढली, कानाला तोंड लावलं आणि म्हणाली, "दवाखान्यात. तिथे आई जागी असते."