चाळीस झॉम्बींच्या कवळ्या

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर जेवढं वाकू देते तेवढाच). तुझा गुडघा कसा आहे? भावजींचा खोकला गेला, की अजून मुक्कामालाच आहे? इकडे आम्ही दोघंही ठीक. पत्र कसं काय लिहिलंस, असं तुला वाटेल. फोनवर बोलताना ही शेजारीच बसलेली असते आणि माझं अर्धं वाक्य तीच पुरं करते. हे प्रकरण तिला अर्धंच माहीत आहे, आणि ते तसंच राहिलेलं बरं.

गेली एकतीस वर्षं मी कवळ्या बनवतोय, हे तुला सांगायला नको. डॉक्टर मापं पाठवतात, मी साचा ओततो, दात बसवतो, घासतो, चकाकी आणतो. आमच्या धंद्यात कौतुक एकच: काम कुणाला दिसता कामा नये. तर सहा महिन्यांपूर्वी एक सिनेमाचा दिग्दर्शक लॅबमध्ये आला. वय तिशीचं, दाढी पन्नाशीची. म्हणाला, "काका, चाळीस कवळ्या हव्यात. सडक्या." मी म्हटलं, सडक्या मिळणार नाहीत, आमच्याकडे फक्त चांगल्या. (मला वाटलं, आधीच्या कुणाची तक्रार घेऊन आलाय आणि टोमणा मारतोय.) मग त्याने खुर्ची ओढून समजावलं. तो झॉम्बींचा सिनेमा काढत होता. झॉम्बी म्हणजे मेलेली माणसं, जी उठतात, पाय ओढत चालतात आणि जिवंतांना चावतात. ज्याला चावलं तोही झॉम्बी. थोडक्यात, सगळा खेळ दातांवर. मग मी नाही कसा म्हणणार?

अभ्यासाला म्हणून त्याने अकरा सिनेमे दिले. मी दातांसाठी बघायचो, ही शेजारी विणत बसायची. दातांचं विचारशील तर घोर निराशा झाली. मेल्यावर कुणाचे सुळे असे वाढत नाहीत, आणि त्या हिरड्यांनी मान तोडणं सोड, पावाची कडसुद्धा तुटणार नाही. पण तिसऱ्या सिनेमापासून माझं लक्ष दातांवरून उडालं. प्रेतं बिचारी एका चालीने चालतात. कुणी पुढे गेला म्हणून मागचा चिडत नाही, कुणी कुणाला धक्का मारत नाही. भांडणं सगळी जिवंतांची. सहा माणसं एका खोलीत सापडली की दहा मिनिटांत दोन पुढारी तयार. पंधराव्या मिनिटाला कुणीतरी पाण्याची बाटली लपवतो. ज्याला चावलंय तो बाही खाली ओढून "काही नाही, खरचटलंय" म्हणतो. मग दार उघडायचं का यावर मत घेतात; ज्याची बायको बाहेर राहिलीय तो सोडून सगळे नको म्हणतात (एका सिनेमात तोही नको म्हणाला). ही टाके मोजता मोजता म्हणाली, "यात प्रेतं कमी आणि सभाच जास्त आहेत." अगदी खरं. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, एवढंच सांगायला हे लोक अख्खं शहर मारून टाकतात.

कवळ्या झाल्या, आणि बसवायलाही मलाच जावं लागलं. शूटिंग एका बंद पडलेल्या कपड्यांच्या दुकानात होतं. पुढे विजेवर चालणारं लोखंडी शटर, मधे रिकाम्या मांडण्या, बाजूला कपडे घालून बघायच्या खोल्यांची रांग, आणि मागच्या भिंतीला दीड पुरुष उंचीवर एक खिडकी. प्रसंग असा की जिवंत माणसं आत लपलेली आणि झॉम्बी घुसलेले. मागचं दार नायकाने फळ्या ठोकून बंद केलेलं असतं. सुताराने ते खरोखरच फळ्या ठोकून बंद केलं होतं, कारण तो मन लावून काम करणारा माणूस. दिग्दर्शक रस्त्यापलीकडे मांडवात, पडद्यासमोर बसून कॅमेऱ्यातलं बघत होता. एक झॉम्बी तापाने आला नाही. एक कवळी उरली आणि मी आयता उभा होतो. मेकअपवालीने विचारलंसुद्धा नाही. करडा रंग फासला आणि म्हणाली, तुम्हाला फारसा लागला नाही.

माझ्या शेजारी एक निवृत्त नर्स होती. सत्तरी ओलांडलेली, काडीसारखी, घरात बसून कंटाळा येतो म्हणून झॉम्बी व्हायला आलेली. मी तिची कवळी बसवत होतो, तर तिनेच मला सांगितलं, "बोट एवढं दाबू नका, पेशंटला उमासा येतो." एकतीस वर्षांनी! पण बाई बरोबर होती. वयामुळे तिला बसायला एक उंच स्टूल दिलं होतं.

दुपारी तीन वाजता शटर पडलं, धुराचं यंत्र सुरू झालं आणि दहाव्या मिनिटाला 'फट्' आवाज होऊन दुकानातली वीज गेली. पंखे थांबले, शटर जाम झालं. वरच्या खिडकीतून येईल तेवढाच उजेड. धूर खोटा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. पण कुणीतरी "आग!" म्हणून ओरडलं आणि त्या क्षणापासून धूर खरा झाला.

आता चाळीस जणांना एकदम बोंब मारायची होती आणि चाळीसही तोंडांत माझ्या कवळ्या. (घट्ट बसल्या होत्या. पहिल्यांदाच मला माझ्या कारागिरीचा राग आला.) "वाचवा"चं "वाघ्घा" व्हायचं आणि "शटर उघडा"चं "अट्टअ उग्घा". कॅमेऱ्याला स्वतःची बॅटरी, त्यामुळे तो इमानदारीने चालू. कॅमेरावाला त्याला सोडून शटर बडवत होता. पलीकडे दिग्दर्शकाला वाटलं, अभिनय. दिवे जाणं त्याच्या कथेत होतंच. त्याचा भोंग्यातून आवाज आला, "वा! असंच चालू द्या! मागचे, अजून जोरात!" मागचे तर जीव तोडून ओरडतच होते.

सात मिनिटं, ताई. सात मिनिटांत मी अकराही सिनेमे पुन्हा पाहिले. नायक एका खोलीत शिरला. तिथे आधीच बसलेल्या मदतनीस बाईला त्याने बाहेर काढलं आणि आतून कडी लावली. एका झॉम्बीने पाण्याच्या बाटल्यांचं खोकं पोटाशी धरलं, दुसरा त्याचा हात उकलत होता. दोघं जण शटर हाताने उचलायचं की लाथेने, यावर वाद घालत होते. आणि एका इसमाने तर कमाल केली. त्या म्हाताऱ्या नर्सला खांद्याने ढकललं, तिच्याखालचं स्टूल ओढलं, खिडकीखाली लावलं आणि वर चढला. बाई खाली पडली. असल्या माणसाला काय म्हणावं, तूच सांग. बरं, काच फोडून, तोंडातली कवळी काढून तो बाहेर ओरडला, गल्लीतल्या कुणीतरी ऐकलं आणि बाहेरच्यांनी साखळीने शटर वर ओढलं, हेही खरं. म्हणजे सुटका त्याच्यामुळेच झाली म्हणायची. पण तो काही आमच्यासाठी चढला नव्हता.

कुणालाही फार लागलं नाही. नायक सर्वांत शेवटी बाहेर आला आणि तोवर जमलेल्या वार्ताहरांना म्हणाला, "सगळे बाहेर पडेपर्यंत मी आत थांबलो." यातला एकही शब्द खोटा नव्हता. तर असा हा माणसाचा स्वभाव. आम्ही दात बनवणारे. वरचा रंग काढला की खाली काय असतं, ते आम्ही रोज बघतो.

भावजींना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. पुढच्या महिन्यात ही आठ दिवस तुझ्याकडे येतेय आणि सिनेमाही नेमका तेव्हाच लागतोय. दिग्दर्शकाने ती सात मिनिटं जशीच्या तशी ठेवली आहेत. म्हणतो, असला अभिनय शिकवून येत नाही. हिला नेऊ नकोस. तिकिटं संपली म्हण, थिएटरमध्ये ढेकूण झालेत म्हण, काहीही म्हण.

ता. क. २. तो इसम मी होतो. तू केव्हाच ओळखलं असशील. हिला मी सांगितलंय की मी शटर उचलायला मदत करत होतो. पण खरं सांगायचं ते वेगळंच आहे. खिडकीत लटकलेला असताना पायाखालचं स्टूल डुगडुगायचं एकदम थांबलं. मला वाटलं, टेकलं कुठेतरी. खाली बघितलं तर ती नर्स. पडली होती ती उठून आली होती, आणि दोन्ही हातांनी स्टुलाचे पाय धरून उभी होती. तोंडातली कवळी तिने केव्हाच काढून खिशात टाकली होती (चाळिसांत हे सुचलेली ती पहिली). म्हणाली, "घाई करू नका, मी धरलंय."

ता. क. ३. परवा तिच्या घरी माफी मागायला गेलो. तिने दार उघडलं आणि मी तोंड उघडायच्या आत विचारलं, "उतरताना घोटा मुरगळला होता ना तुमचा? सूज उतरली?" मी म्हटलं, उतरली. ती म्हणाली, तरी दोन दिवस पट्टी ठेवा. मी बरं म्हटलं आणि परत आलो. एवढंच बोलणं झालं. तेव्हा ताई, पत्र लिहिण्याचं खरं कारण हे: तिला पाठवायला माफीच्या चार ओळी मला लिहून दे. मी चार मसुदे केले. चारही तीन-तीन पानांचे झाले, आणि चारहींत शेवटी चूक शटरची निघते.