ताईची गोळी

१२ जानेवारी

तळघरात आयुष्य शिवून काढणाऱ्या माझ्या बहिणींनो,

ती. ताईस शि. सा. न., धाकटीस अ. उ. आ.

आपल्या घरातल्या बायकांच्या वाट्याचं ऊन कुणी खाल्लं? कारखान्याच्या मालकाने! खिडक्या विटांनी बुजवल्या, ट्यूबलाइटखाली आईला मशीनला जुंपलं आणि तिची हाडं मऊ पडल्यावर तिला म्हातारी ठरवून घरी बसवलं. त्या खिडक्या उघडल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

ताई, गळ्याच्या ऑपरेशननंतर तुझी बोटं आखडायची. नव्या गोळीने ती पुन्हा मशीनवर पळतात हे वाचून बरं वाटलं. धाकटे, माझ्या सभेत जांभया देणारी तू एकटीच. पत्र तरी पुरतं वाच.

लोभ आहे, तो तळघरातल्या उन्हासारखा आटू देऊ नका.

तुमचा भाऊ

१९ मार्च

ती. भाऊस शि. सा. न.

आईला खांदा द्यायला आलास, दिवस होईपर्यंत थांबलास, पण ती कशाने गेली ते घरात कुणी तुला सांगितलं नाही. आता लिहिते.

आमच्या कामावर दोरा, डबा, डोकेदुखीची गोळी, सगळं वाटून घ्यायची सवय. ताईने तशीच आपली गोळी आईलाही हाडांसाठी सुरू केली. ड जीवनसत्त्वच ते, त्याने काय होतंय, असं म्हणाली. पुढे आईला तहान लागायची, उलट्या व्हायच्या, मला मावशी म्हणून हाक मारायची. आम्ही हसलो रे.

रक्तात कॅल्शियम भलतंच चढलं होतं, मूत्रपिंडं बंद पडली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की साधं ड जीवनसत्त्व शरीर गरजेपुरतंच जागं करतं, ही गोळी जागी करूनच डबीत भरलेली असते, मग कॅल्शियम चढतच जातं. कॅल्शियम सांभाळणाऱ्या बारीक ग्रंथी ताईच्या ऑपरेशनमध्ये गेल्या, म्हणून तिला ती लागतेच. आईला तपासल्याशिवाय द्यायची नव्हती.

आता ताईने सगळ्या गोळ्या मोरीत ओतल्यात. तिच्या ओठांना मुंग्या येतात. काल कात्रीत अडकलेली बोटं मी एकेक करून सोडवली. आईला मारणारी गोळी गिळवत नाही म्हणते. तुझं सगळा गाव ऐकतो, घरात एकदा ऐकव.

माया पातळ करू नकोस.

धाकटी

२१ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

फोन घेत नाहीस, म्हणून ट्रकवाल्या मित्राच्या हाती हे पत्र आणि तुझ्या गोळ्यांची नवी डबी पाठवतोय. मी संध्याकाळी पोचतो, रक्त तपासायला सोबत जाऊ.

तुझी चूक झाली आणि आई गेली. दोन्ही खरं आहे, मी ते पुसणार नाही. पण ही शिक्षा तुला सुनावली कुणी? खिडक्या बुजवणारा रोज पोटभर जेवतो आणि मरायला तू निघालीस? डॉक्टरीणबाईंनी बजावलंय: कॅल्शियम असंच उतरलं तर झटके येतील, घसा आवळेल, हृदय थांबेल. आईला पोचवून आलेल्या खांद्यावर तुलाही घेऊ का मी?

रड, मला शिव्या घाल, जन्मभर अबोला धर. धाकटी पाणी घेऊन शेजारी उभी असेल. पत्र खाली ठेव आणि गोळी घे.

तुझा भाऊ