मागाचा खड्डा

३ नोव्हेंबर १९८६, खासबाग

बेळगावात पाय ठेवला आणि खोली मिळाली! मालक यल्लाप्पा हातमागावर लुगडी विणतात. घरात ते आणि त्यांची बायको पारूबाई, दोघंच. पारूबाईंना दिसत नाही. मुलगा जोतिबा काही न सांगता घर सोडून गेला, ही खोली त्याचीच. सकाळी आयता चहा आणि वर फुकटची माया. कऱ्हाडहून आलेल्या सड्याफटिंगाला आणखी काय हवं?

९ नोव्हेंबर

जवळच्या मच्छे गावातल्या कारखान्यातलं काम मजेचं आहे. काय बनवायचं ते कॉम्प्युटरला सांगायचं, तो पायऱ्या लावून देतो. घरी मी तेच उलटं खेळतो. माणसाच्या पायऱ्या बघायच्या आणि त्याच्या मनात काय आहे ते आण्यांत मांडायचं. पुरी खात्री म्हणजे सोळा आणे.

यल्लाप्पा मागच्या खोलीत खड्डा खणताहेत. विणकर पाय खाली सोडून बसतो, मागाला खड्डा लागतोच. तेव्हा नवा माग, चौदा आणे. उरलेले दोन आणे धान्याच्या पेवाला.

१६ नोव्हेंबर

आज त्यांनी सुताने माझी खाट मोजली, मग मलाही. चादर विणणार असतील. म्हातारा प्रेमळच. नवा माग, पंधरा आणे.

२१ नोव्हेंबर

मागाचा खड्डा बसण्यापुरता असतो. हा लांबच लांब होत चाललाय. लाकूड नाही, सुतार नाही. आलं ते मिठाचं पोतं. माग चार आण्यांवर उतरला. पेवात मीठ कशाला घालतील? बाकीचे आणे कशावर लावू ते सुचत नाही, आणि माझाच मला राग येतो.

२४ नोव्हेंबर

परीक्षा घेतली. कुणाला न सांगता आज निपाणीला आत्याकडे जायचं ठरवलं. दार उघडलं तर यल्लाप्पा भाकरीचं गाठोडं घेऊन उभे. म्हणाले, काल बूट पुसलेस, आत्याची आठवण काढलीस, तवाच वळखलं.

म्हणजे तेही माझे आणे मांडतात. मी गेलो नाही. हसलो, आणि रात्री दाराला आतून कडी लावली.

२६ नोव्हेंबर

पारूबाईंनी माझा चेहरा चाचपला आणि जोतिबा म्हणून हाक मारली. यल्लाप्पांनी त्यांना समजावलं, "ह्यो आता न्हाय जायाचा गं. कुटंबी न्हाय जायाचा."

दया आली. भीतीही वाटली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

कारखान्यात साहेबांनी विचारलं, नोकरी का सोडतोस? यल्लाप्पा येऊन सांगून गेले म्हणे — आज मी कायमचा गावी जाणार, वाट बघू नका.

मी माग मोजला, पेव मोजलं. स्वतःला मोजलंच नाही. मीठ, सूत, खड्ड्याची लांबी — सगळं माझ्याच मापाचं. सोळा आणे.

तिथूनच पळायचं होतं, प्रमाणपत्रं घ्यायला खोलीवर परत यायला नको होतं —

तीच दुपार

यल्लाप्पा पुढच्या पायरीवर बसलेत. मांडीवर कोयता.

मागच्या खोलीतून परसात जाता येईल. खड्ड्यावर चटई घातलीय, भिंतीला धरून —

पण इतके उघड का बसलेत? कोयता लपवायचा सोडून — मला दिसावा — मी मागूनच जावं म्हणून —

पायरी रिकामी. मागच्या खोलीत कुणीतरी चटई सरकव