एकाच पाइपातला संसार

३ फेब्रुवारी, सोमवार

पाइप एकच! हंबीरराव आबांनी निकाल दिला. आबा आमच्या दूध संघाचे अध्यक्ष, म्हणजे कराडच्या या कचेरीतलं शेवटचं कोर्ट. मी परोपरीनं सांगितलं – नेटची केबल विजेच्या वायरपासून हातभर लांब हवी, नाहीतर नेट तुटतं. त्यात त्या पाइपात बोअरच्या मोटरची जाडजूड वायर! आबा हसले. "येकाच घरची मानसं. शेजारी झोपली तर काय भांडत्यात व्हय?" शिवाय भिंतीला नुकताच रंग दिलाय. ती फोडायची नाही. वायरमन तानाजी तर धन्यच – "आबा म्हनलं घाल, मी घातली. मला काय, मॅडम!"

चौदा तारखेला नव्या कॉम्प्युटर यंत्रणेचं उद्घाटन. आष्ट्याच्या संकलन केंद्रावरच्या दुधाची नोंद नेटवरून इथं पडद्यावर दिसली, तरच मला कॉम्प्युटर विभागात कायम करणार. नाहीतर घरी. भीती वाटतेय.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मोटर चालू – नेट गुल. मोटर बंद – नेट सुरळीत. दिवसभर हाच पोरखेळ! शिपाई मंगलताईंनी दृष्ट लागली म्हणून लिंबू-मिरची बांधली. ती तेवढी पाइपाबाहेर!

११ फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसात दोन पक्ष पडलेत. पाणीवाले आणि नेटवाले. नेटसाठी मोटर बंद ठेवली आणि पाण्याविना चहा बंद झाला, तेव्हापासून नेटवाल्यांत मी एकटीच उरलेय.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळीच मोटर बंद केली आणि मोटरच्या स्विचच्या खोलीची किल्ली पर्समध्ये टाकली. हो, टाकली!

आबांनी माउसला हळदकुंकू वाहून क्लिक केलं. आष्ट्याचं दूध, फॅट, सगळं पडद्यावर! टाळ्या. "बगा! म्हनलं न्हवतं? ग्वाडीनं नांदत्यात!" मी मान डोलावली. काय करणार?

मग आबा बाथरूमला गेले. टाकी कोरडी ठाक. आतून आरोळी – "आरं तान्या, पानी कुटं हाय रं?" मी पर्समधून किल्ली काढून धावले. मोटर लागली, पाणी आलं, पडद्यावरचं आष्टं गेलं.

आबा बाहेर आले. पडद्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं. "ह्येचा कायमचा बंदोबस्त करतो," म्हणाले. म्हणजे अखेर कळलं! आता वेगळा पाइप नक्की. आज शांत झोपेन.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बंदोबस्त झाला. आबांच्या बाथरूमसाठी वेगळी मोटर. तिची वायर त्याच पाइपातून.

मीही कायम झाले. हुद्दा – मोटर ऑपरेटर.