पहिल्या शब्दाशी थांबणारा प्रोग्राम

प्रिय ठकू,

हसू नकोस, पण तुझी आई संगणकाची सी भाषा शिकतेय. कपाट आवरताना तुझं कॉलेजचं जुनं पुस्तक हाती लागलं, आणि वाचनालयात दुपारी त्याचाच वर्ग चालतो हेही कळलं. खरं सांगू? मी संगणकासाठी गेलेच नाही. त्या खोलीत अकरा माणसं बसतात म्हणून गेले. तुझे बाबा गेल्यापासून घरात स्वतःच्याच चपलांचा आवाज ऐकून कान किटलेत. तू दर रविवारी फोनवर म्हणायचीस, आई, आमच्याकडे राहायला ये गं. आणि मी, छे, मी मजेत आहे, म्हणून उडवून लावायचे. गेले चार रविवार तू ते विचारलंच नाहीस. रागावून नाही सांगत, पण मनाला लागलंय.

तर मी लिहिलेला पहिला प्रोग्राम. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत तो मला तीन प्रश्न विचारतो: कशी आहेस? जेवलीस का? कोणाशी बोललीस? बाबा कामावरून आले की हेच विचारायचे, आणि उत्तर यायच्या आत वर्तमानपत्र उघडून बसायचे! ऑफिसात तीस वर्षं टायपिंग केलेली बोटं माझी, वर्गातच तो झरझर लिहून काढला आणि घरी येऊन आपल्या संगणकावर चालवला. पहिल्याच प्रश्नाला मनातलं लिहिलं, 'बरी नाही कोणाशीच बोलले नाही', आणि एंटर दाबलं. अगं, पुढचे दोन प्रश्न माझ्यासाठी थांबलेच नाहीत! धडाधड सरकले आणि खाली उत्तरं उमटली. कशी आहेस: बरी. जेवलीस का: नाही. कोणाशी बोललीस: कोणाशीच. आधी मी खो खो हसले. मग ते हसू कुठे गेलं कोण जाणे, बराच वेळ डोळे पुसत बसले.

शिकवणाऱ्या पोरीने दुसऱ्या दिवशी उलगडून सांगितलं. उत्तर वाचून घेणारा तो स्कॅनएफ म्हणे दोन शब्दांमधली मोकळी जागा आली की थांबतो. पहिला शब्द उचलतो. उरलेले तिथेच रांगेत राहतात आणि पुढच्या प्रश्नांच्या पदरात पडतात. अख्खी ओळ हवी असेल तर एफगेट्स वापरायचं, आणि जास्तीत जास्त किती घ्यायचं ते त्याला आधीच सांगायचं. तुला हे सगळं तोंडपाठ असणार, मला मात्र दोन दुपारी डोकं खाजवावं लागलं.

आता प्रोग्राम मी एंटर दाबेपर्यंत निमूट वाट बघतो. आज कर्सर लुकलुकत होता आणि मी पूर्ण ओळ लिहिली. वाचली, आणि माझीच मला चीड आली. जे पोटच्या पोरीला सांगायचं ते मी यंत्राला काय सांगत बसलेय? फोनवर मी परत 'मजेत आहे' म्हणून मोकळी होईन, म्हणून कागद घेतला.

ठकू, मी मजेत नाही. तुझ्या संसारात माझी अडगळ होईल या भीतीने मी तसं म्हणत राहिले, आणि आता तू ते खरं मानलंस की काय, ही त्याहून मोठी भीती आहे. तू विचारायचं सोडलंस, म्हणून आज मीच विचारते. तुझ्याकडे राहायला येऊ का? जमणार नसेल तर तसं सरळ कळव, बाई, पण माझी समजूत काढायला जाऊ नकोस.

तुझीच, वाट बघणारी,
आई