धाब्यावरची पांढरी माती

चि. नवल यास,

काल फोनवर तू म्हणालास, "भाऊ, एवढं काय? धाब्यावरून खरवड आन नदीत टाकून दे. वाहून जाईल." मी फोन ठेवला, कारण आई शेजारीच बसली होती.

पावसाआधी आपल्या घराच्या धाब्यावर, त्या सपाट मातीच्या छतावर, पांढरी खारी माती पसरतात, म्हणजे घर गळत नाही. यंदा तू खतकारखान्यातून ट्रॉलीभर पांढरी माती फुकट पाठवलीस आणि आईने ती खारी समजून पसरून घेतली. ती माती नव्हे. दगड आम्लात विरघळवून खत काढल्यावर उरतो तो चोथा आहे, आणि दगडातलं किरणोत्सारी रेडियम त्यातच राहतं. मी हे वाचून शिकलो. तू तर तिथल्या प्रयोगशाळेत बसतोस, तुला ठाऊक होतं.

या उकाड्यात आई त्याच्यावरच झोपते. मी खरवडायला लागलो तर म्हणाली, "नवलनी धाडेल शे. तुना पोटमा काब दुखस?" तुझं नाव राखायला मी तिला खरं सांगितलं नाही, याचाच आता संताप येतो.

तुमच्या कारखान्याचा असाच ढीग नदीकाठावर आहे, दर पावसात तो नदीत उतरतो. त्याच नदीच्या वाळूत झिरा उकरून आई प्यायचं पाणी भरते. त्यात मी आणखी टाकू?

आज सगळं खरवडून गोण्यांत भरलंय. हे पत्र पाठवत नाही. रविवारी आईला आणि या गोण्या घेऊन जळगावला तुझ्या दारात येतो. "नदीत टाक" हे तिच्या तोंडावर म्हणून दाखव.

तुझा थोरला भाऊ,
भटू