अल्जीरिया आणि ह्यांचं नाव

मंगळवार, दिवेलागण. लोणावळा.

चार दिवस ह्यांचा फोन नाही. वेल्डिंगच्या कामावर अल्जीरियाच्या वाळवंटात गेलेत, एवढंच मला ठाऊक. आज लेकीला म्हटलं, "सई, त्या देशाचं काय ते वाच बरं."

तिने मोबाइलवर वाचलं. आफ्रिकेतला सगळ्यात मोठा देश. बहुतेक सगळा सहारा, माणसं राहतात ती समुद्राकडेला. ह्यांचं काम तर वाळवंटात! राजधानी अल्जिअर्स. तिच्यासमोर समुद्रात बेटं होती, म्हणून अरबीत 'बेटं' हेच नाव पडलं. पुढे भर घालून ती जमिनीला जोडली.

"म्हणजे बेटं गेली, नाव राहिलं?"

"हो आई."

कशाला विचारलं मी?

चिक्कीचं दुकान तसंच टाकून ह्यांना तिकडे पाठवणाऱ्या एजंटला फोन लावला. "मिस्टरांचं पूर्ण नाव सांगा." सासूबाई म्हणायच्या, "नवऱ्याचं नाव घिऊ न्हाई, आयुष्य घटतं." वीस वर्षांत उखाण्याशिवाय घेतलं नाही. फोन सईकडे द्यायचा होता ना! घाबरून मीच बोलले. त्याला ऐकू जाईना, म्हणून पुन्हा मोठ्याने, आणि परत एकदा. "चौकशी करतो," म्हणाला.

बेटं गेली, नाव राहिलं. आणि ते नाव मी आज तीनदा घेतलं.